कसेल त्याची भाषा

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर बुलोन-स्यूर-मेर नावाचं बंदर आहे. समोर इंग्लिश खाडी, पलीकडे इंग्लंड. ऑगस्ट १९०५मध्ये तिथल्या नाट्यगृहात वीस देशांतली ६८८ माणसं जमली. बहुतेकांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नव्हती, पण हस्ताक्षरं ओळखीची होती. वर्षानुवर्षं पत्रं लिहून जमलेली ती मैत्री होती, आणि ती पत्रं ज्या भाषेत होती तिचं वय होतं अवघं अठरा वर्षं. वॉर्सातल्या एका छापखान्यातून ही भाषा चाळीस पानांची पुस्तिका होऊन बाहेर पडली होती. तेव्हापासून तिचं आयुष्य गेलं ते मुख्यतः टपालाच्या पिशव्यांत. आता तिला इतक्या मोठ्या सभेत तोंडाने बोलायचं होतं. स्पॅनिश माणसाचा उच्चार रशियन कानाला कळेल का, इंग्रज बोलू लागला तर फ्रेंचाला समजेल का, याची खात्री तिथे आलेल्यांपैकी कोणालाच नव्हती.

कळलं. भाषणं झाली, वाद झाले, जेवणावळीत गप्पा रंगल्या. एका रात्री मोलियरचं एक प्रहसन झालं. निरनिराळ्या देशांतल्या हौशी नटांनी ते मिळून केलं आणि प्रेक्षक योग्य त्या जागी हसले. मला या परिषदेतला सर्वांत मोठा क्षण तो वाटतो. व्याकरण पाठ करून माणूस पत्र लिहू शकतो, पण विनोदावर सगळं सभागृह एका वेळी हसायचं, तर भाषा पाठांतराच्या पुढे गेलेली असावी लागते.

सभागृहात पंचेचाळीस वर्षांचा एक ठेंगणा, चष्मा लावलेला डोळ्यांचा डॉक्टर होता. गर्दीपुढे बोलायची त्याला सवय नव्हती. त्याचं नाव लुडविक झामेनहोफ. आणि भाषेचं नाव एस्पेरांतो.

या भाषेला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारला गेला. टेबलाशी बसून एका माणसाने जुळवलेली भाषा खरी भाषा म्हणायची का? भाषा मातीतून उगवते, आईच्या दुधाबरोबर येते; ती बनवता कशी येईल? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. ते या भाषेच्या इतिहासात सापडतं, म्हणून तो नीट सांगायला हवा.

झामेनहोफचा जन्म १८५९चा, बियाविस्तोकचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घराघरांत यिद्दिश, सरकारदरबारी रशियन, शिवाय पोलिश आणि जर्मन, आसपासच्या खेड्यांत बेलारूसी. एकाच बाजारात एवढ्या भाषा असणं आपल्याला नवं नाही. सोलापूर-बेळगावच्या माणसाला तर नाहीच. पण बियाविस्तोकच्या रस्त्यावर माणूस कोणत्या भाषेत बोलतो यावरून तो कोणाचा शत्रू हे ठरत असे. ज्यू घरातल्या या मुलाच्या मनावर ते लहानपणीच कोरलं गेलं. त्याची ही भीती पुढे खरी ठरली. जून १९०६मध्ये याच गावात ज्यूंची कत्तल झाली, ऐंशीवर माणसं मारली गेली. त्याच वर्षीच्या जिनिव्हा परिषदेत झामेनहोफ त्याबद्दल बोलला.

वडील भाषाशिक्षक होते, १८७३मध्ये कुटुंब वॉर्साला आलं. शाळकरी लुडविकने आधी लॅटिन-ग्रीक पुन्हा जिवंत करण्याचा विचार केला आणि तो सोडून दिला. मग वाटलं, भाषा नवीच करावी. व्याकरण सोपं करता येत होतं, पण शब्दकोशाचं काय? हजारो शब्द कोण पाठ करणार? याचं उत्तर त्याला रस्त्यावर मिळालं, ही हकीकत त्याने पुढे एका पत्रात लिहून ठेवली आहे. एका पाटीवर 'श्वेत्सार्स्काया' असं लिहिलेलं होतं, म्हणजे दरवानाची खोली. दुसऱ्या पाटीवर 'कोंदितेर्स्काया', म्हणजे मिठाईचं दुकान. दोन्ही शब्दांच्या शेवटी तेच 'स्काया'. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की एक प्रत्यय हाती असला तर एका शब्दाचे दहा होतात.

मराठी माणसाला हे पटकन कळेल. आपल्याकडे 'खाना' आहे. दवाखाना, छापखाना, कारखाना, तोफखाना, मुदपाकखाना. पहिला अर्धा भाग ठाऊक असला की दुसरा शिकावा लागत नाही. झामेनहोफने हे तत्त्व सगळ्या भाषेला लावलं. 'एय' म्हणजे जागा. 'लेर्नी' म्हणजे शिकणं, म्हणून 'लेर्नेयो' म्हणजे शाळा. 'साना' म्हणजे निरोगी. आधी 'मल' लावलं की उलट अर्थ, 'मलसाना', म्हणजे आजारी. त्याला माणसाचा 'उल' लावला की 'मलसानुलो', रोगी. पुढे जागेचा 'एय' आला की 'मलसानुलेयो', इस्पितळ. नामाच्या शेवटी नेहमी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ'. क्रियापद वर्तमानात 'आस', भूतकाळात 'इस', भविष्यात 'ओस'. अपवाद नाही. हा भविष्यकाळाचा 'ओस' वाचकांनी लक्षात ठेवावा, शेवटी त्याचं काम आहे.

डिसेंबर १८७८मध्ये शाळेतल्या चार-सहा मित्रांनी झामेनहोफच्या घरी या भाषेच्या पहिल्या रूपाचा वाढदिवस साजरा केला, तिच्यात एक गाणं म्हटलं. नंतर मित्र पांगले. लुडविक वैद्यकी शिकायला मॉस्कोला निघाला तेव्हा वडिलांनी सगळ्या वह्या मागून घेतल्या; त्या त्यांनी जाळून टाकल्याचं सांगतात. मुलाने डोक्यातून सगळं पुन्हा उतरवलं.

पुढच्या सहा वर्षांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते भाषेचा खरा जन्म याच काळात झाला. १८७८मध्ये सगळं तयार आहे असं त्याला वाटलं होतं. वापरायला लागल्यावर कळलं की कागदावर सुबक दिसणारं बरंच काही तोंडात बसत नाही. तो भाषांतरं करत राहिला, स्वतःचं लिहीत राहिला. जे अडखळत होतं ते काढलं, जे ओझं होतं ते टाकलं. हळूहळू त्याने दुसऱ्या भाषेतून शब्दशः उतरवणं सोडलं आणि थेट याच भाषेत विचार करायचा प्रयत्न केला. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की ही भाषा आता या किंवा त्या भाषेची सावली राहिलेली नाही, तिला स्वतःचं वळण आलं आहे. मातृभाषेसारखी ती ओठांवर येऊ लागली. हे सगळं त्याने स्वतःच्या पत्रात नोंदवलं आहे. सुताराने केलेली खुर्ची आणि वर्षभर बसून अंगाला सरावलेली खुर्ची यांत जो फरक असतो, तो या सहा वर्षांनी केला.

जुलै १८८७मध्ये पुस्तिका निघाली, आधी रशियनमध्ये. लेखकाच्या जागी 'दोक्तोरो एस्पेरांतो', म्हणजे 'आशा धरणारा डॉक्टर'. हेच टोपणनाव पुढे भाषेला चिकटलं. आत सोळा नियम, नऊशेच्या आसपास धातू आणि काही नमुने. छपाईचा खर्च सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून निघाला. पत्नी क्लाराने पाकिटांवर पत्ते घातले. पुस्तिकेत फाडून पाठवायच्या चिठ्ठ्या होत्या. एक कोटी माणसं ही भाषा शिकायचं वचन देणार असतील तर मीही शिकेन, असा त्यावर मजकूर. उत्तरं आली हजारभर. एक कोटी कुठे आणि हजार कुठे? पण झामेनहोफने त्या हजार जणांचे पत्तेच छापून प्रसिद्ध केले, म्हणजे ते एकमेकांना लिहू लागतील. आणि त्या पहिल्याच पुस्तिकेत त्याने आणखी एक गोष्ट लिहिली होती: या भाषेवर माझा हक्क नाही, मी तो कायमचा सोडतो आहे.

या एका वाक्याचं मोल कळायला शेजारी पाहावं लागतं. त्या काळात याच स्वप्नाची दुसरी एक भाषा युरोपात कितीतरी पुढे होती. बाडेनमधल्या योहान मार्टिन श्लायर या कॅथलिक धर्मगुरूने १८७९मध्ये वोलाप्युक काढली होती. दहा वर्षांत तिची पावणेतीनशेवर मंडळं झाली, पंचवीसेक नियतकालिकं निघाली. १८८९च्या पॅरिस परिषदेत सगळं कामकाज वोलाप्युकमध्ये चाललं, वाढप्यांनाही ती शिकवली होती. पण ती बोलायला अवघड होती. इंग्रजी-जर्मन धातू इतके कापूनकुपून घेतलेले, की मूळ शब्द ओळखूच येत नसे. लोकांनी सुधारणा मागितल्या, अकादमीने त्या मांडल्या. श्लायर म्हणाला, भाषा माझी आहे, शेवटचा शब्द माझा. त्याला पूर्ण नकाराधिकार हवा होता. तो मिळेना, तेव्हा तो वेगळा झाला. चळवळ फुटली आणि थोड्याच वर्षांत भाषा ओस पडली. नुरेंबर्गचं वोलाप्युक मंडळ तर पॅरिसच्या परिषदेआधीच, १८८८च्या अखेरीला, उठून एस्पेरांतोकडे आलं होतं, आणि त्यांनीच १८८९मध्ये एस्पेरांतोचं पहिलं मासिक सुरू केलं.

श्लायरची चूक भाषाशास्त्राची नव्हती, मालकीची होती. आपण बांधलेल्या घरात लोक राहायला आले की भिंतीला खिळा ठोकतात, खिडकी फोडतात. तो हक्क द्यायचा नसेल, तर घर रिकामंच राहतं.

झामेनहोफची परीक्षा १८९४मध्ये झाली. मासिकाला पैसे पुरवणाऱ्या हितचिंतकाचा आणि इतर काहींचा आग्रह होता की भाषेत सुधारणा करा, माथ्यावर चिन्ह असलेली 'टोपीवाली' अक्षरं काढा, कर्माचा प्रत्यय काढा. झामेनहोफने मनाविरुद्ध का होईना, सुधारलेला आराखडा तयार केला आणि वाचकांपुढे मतदानाला ठेवला. १५७ जणांनी कौल दिला की काहीही बदलू नका. बदलाच्या बाजूची सगळी मतं एकत्र धरली तरी ती कमी भरली. भाषा घडवणारा स्वतः बदल सुचवतो आहे आणि वापरणारे 'नको' म्हणताहेत. मला विचाराल तर एस्पेरांतो ज्या दिवशी खरी भाषा झाली तो दिवस हाच. त्या दिवशी तिच्या जनकाला कळलं की ती आता आपली एकट्याची नाही, आणि त्याने ते मानलं.

आता बुलोनकडे परत. त्या परिषदेत एक वाईट गोष्टही घडली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. झामेनहोफला उद्घाटनाच्या भाषणाच्या शेवटी आपली एक प्रार्थना-कविता म्हणायची होती. शेवटच्या कडव्यात ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान सगळे एकाच देवाची लेकरं आहेत असा भाव होता. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात गोवल्याच्या प्रकरणाच्या जखमा फ्रान्समध्ये ताज्या होत्या. तिथल्या पुढाऱ्यांना भीती वाटली की चळवळीवर 'ज्यूंची' असा शिक्का बसेल. त्यांनी दबाव आणला, आणि झामेनहोफने ते कडवं गाळून कविता म्हटली. भाषेवरचा हक्क त्याने आनंदाने सोडला होता. हे कडवं सोडताना त्याला काय वाटलं असेल याची कल्पना करवत नाही.

याच परिषदेत ठरलं की सोळा नियम आणि मूळ पाठांचा 'फुंदामेंतो' कोणी बदलायचा नाही. झामेनहोफनेही नाही. नवे शब्द कोणीही आणावेत, चालले तर राहतील. भाषेचा पाया गोठवायचा आणि वरचं सगळं लोकांवर सोडायचं, हा निर्णय दोनच वर्षांनी कामाला आला.

ऑक्टोबर १९०७मध्ये विद्वानांची एक समिती पॅरिसला बसली. जगाला एक पूरक भाषा निवडून द्यायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड, डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पेर्सन, तत्त्वज्ञ लुई कुतुरा अशी मोठी माणसं तिच्यात होती. एस्पेरांतोची बाजू मांडायला झामेनहोफने बोफ्रों या फ्रेंच सहकाऱ्याला पाठवलं होतं. ऐन वेळी समितीपुढे निनावी आराखडा आला, त्यावर सही 'इदो', एस्पेरांतोत त्याचा अर्थ 'संतती'. एस्पेरांतोत नीटनेटके बदल करून केलेली ती भाषा होती. पुढच्या वर्षी बोफ्रोंनेच जाहीर केलं की 'इदो' म्हणजे मी. आराखड्यामागची बुद्धी मुख्यतः कुतुराची असल्याचं आज मानलं जातं. तर्काने पाहिलं तर इदोचे काही बदल खरोखर चांगले होते. टोपीवाली अक्षरं गेली होती, छपाई सोपी झाली होती. पुढाऱ्यांतले बरेच जण तिकडे गेले. साधे सदस्य फार थोडे गेले.

का गेले नाहीत? त्यांची मित्रांची पत्रं एस्पेरांतोत होती. पाठ झालेली गाणी एस्पेरांतोत होती. काहींची लग्नं या भाषेने जुळवली होती. जास्त चांगली भाषा मिळते म्हणून कोणी आपली भाषा टाकत नाही. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्याकडे कूळकायद्याच्या काळात दुमदुमली. भाषेच्या बाबतीत तो न्याय फार पूर्वीपासून चालत आला आहे. इदोच्या बाजूने सुधारणा थांबल्याच नाहीत. येस्पेर्सननेही पुढे १९२८मध्ये स्वतःची निराळी भाषा काढली, नोव्हियल. ज्या शेताचा बांध रोज सरकतो तिथे पेरणी कोण करणार?

त्याच सुमारास जिनिव्हाच्या विद्यापीठात फेर्दिनां द सोस्यूर भाषाविज्ञानावर व्याख्यानं देत होता. आधुनिक भाषाविज्ञान त्या व्याख्यानांवर उभं आहे. १९१६मध्ये ती ग्रंथरूपात आली तेव्हा त्यात एस्पेरांतोचा उल्लेख होता. बनवलेली भाषा वापरात येईपर्यंत बनवणाऱ्याच्या ताब्यात असते. एकदा ती आपलं काम करू लागली आणि सर्वांची झाली की ताबा सुटतो, असं त्याचं म्हणणं. अशी भाषा यशस्वी झाली तर तीही काळाबरोबर बदलेल, कोणाला विचारून नाही. विशेष असं की त्याचा सख्खा भाऊ रने, गणिती, एस्पेरांतोचा कार्यकर्ता होता. एका घरात एक भाऊ भाषेचं तत्त्व शोधत होता आणि दुसरा त्या तत्त्वाची कसोटी पाहत होता. पुढे आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१८मध्ये तात्त्विक चर्चाच बाजूला सारली. एस्पेरांतो चालते, काम करते, मग वाद कशाचा, असा त्याचा सवाल होता.

मेयेचं हे वाचायला झामेनहोफ नव्हता. ऑगस्ट १९१४मध्ये पॅरिसला मोठी परिषद भरायची होती, ३,७०० वर लोकांनी नावं नोंदवली होती. तो निघाला, कोलोनपर्यंत पोहोचला आणि युद्ध सुरू झालं. कसाबसा वॉर्साला परतला. तिथल्या ज्यू वस्तीत तो गरिबांचे डोळे अल्प मोबदल्यात तपासत असे. एप्रिल १९१७मध्ये तो गेला.

युद्धानंतर काही वर्षं अशी आली की हे स्वप्न साकार होईल असं वाटावं. १९२०मध्ये राष्ट्रसंघात अकरा देशांच्या प्रतिनिधींनी ठराव आणला की शाळांत एस्पेरांतो शिकवण्याबाबत माहिती गोळा करावी. त्या अकरांत भारताचा प्रतिनिधीही होता. राष्ट्रसंघाचे उपसरचिटणीस, जपानचे इनाझो नितोबे, १९२१मध्ये प्रागच्या एस्पेरांतो परिषदेला स्वतः जाऊन बसले आणि अनुकूल अहवाल घेऊन आले. आडवा आला तो फ्रान्स. मुत्सद्देगिरीची भाषा फ्रेंच असताना दुसरी हवी कशाला? १९२२मध्ये फ्रेंच शिक्षणमंत्र्याने सरकारी शाळांच्या इमारतींत एस्पेरांतो शिकवायला बंदी घातली. राष्ट्रसंघातला विषय समित्यांच्या कपाटात गेला.

दुसऱ्या एका टेबलावर मात्र निकाल लागला, आणि तो मला राष्ट्रसंघाच्या ठरावाहून मोलाचा वाटतो. तारेचे पैसे शब्दांवर आकारले जात आणि सांकेतिक मजकुराला निराळे नियम होते. समोर आलेली तार उघड भाषेत आहे की संकेतात, हे कारकुनाला ठरवावं लागे. एस्पेरांतोतली तार कुठे घालायची? १९२५मध्ये आंतरराष्ट्रीय तार संघाने सांगितलं: ही उघड भाषा आहे. फ्रेंच-जर्मनच्या ओळीत एस्पेरांतो बसली. ज्यांचं पोट रोज भाषा हाताळण्यावर होतं त्यांनी तिला भाषा मानलं.

त्यानंतरची वर्षं लिहिताना हात जड होतो. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात एस्पेरांतोला ज्यूंच्या जगावर राज्य करण्याच्या कटाचं हत्यार ठरवलं होतं. सत्ता आल्यावर १९३६मध्ये जर्मनीतल्या तिच्या संस्था बंद झाल्या. रशियात क्रांतीनंतर ही भाषा फोफावली होती, कामगार परदेशी कामगारांना पत्रं लिहीत होते. तीच पत्रं १९३७मध्ये हेरगिरीचा पुरावा ठरली. सोव्हिएत एस्पेरांतो संघाचा प्रमुख एर्नेस्ट द्रेझेन गोळ्या घालून मारला गेला, पुष्कळ सदस्य छावण्यांत गेले. एकमेकांचे हाडवैरी असलेल्या दोन राजवटींना एकाच गोष्टीचं भय वाटलं: त्यांच्या सरहद्दीतली साधी माणसं दुभाष्याशिवाय पलीकडच्या साध्या माणसांशी बोलत होती.

झामेनहोफला तीन मुलं. मुलगा आदाम, वडिलांसारखाच डोळ्यांचा डॉक्टर, वॉर्साच्या ज्यू इस्पितळाचा प्रमुख. जानेवारी १९४०मध्ये जर्मनांनी त्याला पाल्मिरीच्या जंगलात गोळी घातली. मोठी मुलगी झोफिया डॉक्टर होती. धाकटी लिडिया देशोदेशी एस्पेरांतो शिकवत फिरली; अमेरिकेत होती, पण राहण्याची मुदत वाढली नाही आणि १९३८च्या अखेरीस ती पोलंडला परतली. दोघी बहिणींना १९४२मध्ये ट्रेब्लिंका छावणीत मारलं. आदामचा किशोरवयीन मुलगा छावणीकडे नेणाऱ्या गाडीत चढवण्याआधी निसटला, खोट्या पोलिश नावाने जगला. झालेस्की हे ते नाव त्याने युद्धानंतरही आपल्या नावात ठेवलं. पुढे तो फ्रान्समध्ये अभियंता झाला आणि आजोबांची भाषा बोलत २०१९पर्यंत जगला.

एवढं होऊनही भाषा उरली. १९५४मध्ये मोंतेविदेओच्या बैठकीत युनेस्कोने तिच्या कार्याची दखल घेणारा ठराव केला. १९५६मध्ये स्कॉटिश कवी विल्यम ऑल्ड यांचं 'ला इन्फाना रासो' हे दीर्घकाव्य आलं. एस्पेरांतोतल्या लेखनासाठी नोबेलला नाव सुचवलं गेलेले ते पहिले कवी. १९६०च्या सुमारास युगोस्लाव्हियाचे प्रवासी तिबोर सेकेली भारतात आले आणि भूदानासाठी गावोगाव चालणाऱ्या विनोबांना त्यांनी एस्पेरांतो शिकवली. विनोबांना भाषा शिकण्याची ओढ जन्माची. 'जय जगत्' म्हणणाऱ्याला ही भाषा परकी वाटण्याचं कारण नव्हतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवलेले प्रबाल दासगुप्त २००७ ते २०१३ या काळात जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते.

आणि सोस्यूर म्हणाला होता तशी भाषा बदललीही. एस्पेरांतो बोलणाऱ्यांच्या मेळाव्यात कोणी आपल्या देशवाल्याशी आपल्याच भाषेत बोलू लागला, तर त्याला 'क्रोकोदिली' म्हणतात. शब्दशः 'मगरणे'. हा शब्द झामेनहोफच्या कोशात नव्हता, बोलणाऱ्यांनी काढला. 'जन्मलो' म्हणताना कोणता कृदंत प्रत्यय लावायचा यावरून वर्षानुवर्षं कडाक्याचा वाद झाला. १९६७मध्ये एस्पेरांतोच्या अकादमीने झामेनहोफच्या आणि लोकांच्या वापराकडे पाहून कौल दिला. काही आईबापांची सामाईक भाषा एस्पेरांतोच असते. त्यांच्या घरात मुलं तीच ऐकत वाढतात. अशांची संख्या हजाराच्या आसपास धरली जाते. यांतल्या काही मुलांच्या बोलण्यात कर्माचा तो प्रत्यय आपोआप गळतो, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. १८९४मध्ये मतदानाने जे फेटाळलं, ते काही मुलांनी कोणालाही न विचारता केलं.

'बनवलेली' हा शब्द आपण सैल वापरतो. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी आणले. आज नगरपालिकेतला शिपाईही ते बोलतो आणि त्याला ते मराठीच वाटतात. मराठीचे ऱ्हस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे नियम १९६२मध्ये मराठी साहित्य महामंडळाने ठरवले. प्रत्येक प्रमाणभाषेत कोणाच्या तरी टेबलाचा वाटा आहे. एस्पेरांतोत तो वाटा पहिल्या दिवशी सगळाच्या सगळा होता, एवढा फरक. तो पुढे कमी होत गेला.

एक शेवटची हकीकत. पहिल्या महायुद्धात तिवादार श्वार्ट्झ हा हंगेरियन ज्यू वकील एस्पेरांतो शिकला. बुडापेस्टला परतल्यावर त्याने तिच्यात साहित्याचं मासिक चालवलं. १९३६मध्ये ज्यूंवरचा रोख वाढत चालला तेव्हा कुटुंबाने आडनाव बदललं. नवं आडनाव शोरोश, स्पेलिंगप्रमाणे सोरोस. हंगेरियनमध्ये त्याचा अर्थ 'रांगेतला पुढचा'. एस्पेरांतोत 'सोरी' म्हणजे उंच भरारी घेणं, आणि शेवटचा 'ओस' भविष्यकाळाचा: भरारी घेईल. १९४४मध्ये जर्मन फौजा बुडापेस्टमध्ये शिरल्या तेव्हा तिवादारने खोटी कागदपत्रं करून आपलं कुटुंब वाचवलं, इतर अनेकांनाही वाचवलं. मोठा होऊन भांडवल बाजारात नाव काढणारा जॉर्ज सोरोस त्याचाच मुलगा.

म्हातारपणी अमेरिकेत तिवादारने त्या वर्षाच्या आठवणी लिहिल्या. त्याला हंगेरियन येत होती, जर्मन येत होती. पुस्तक त्याने एस्पेरांतोत लिहिलं, आणि ते १९६५मध्ये एस्पेरांतोत छापलं गेलं. ते इंग्रजीत वाचायला मिळालं जवळपास पस्तीस वर्षांनी, मूळ एस्पेरांतोवरून भाषांतर होऊन.